बॉयलरचा दाखला नेमकी कशाची हमी देतो?

दसऱ्याच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही पेपरात एक फोटो हमखास असतो. साखर कारखान्याचे चेअरमन सपत्नीक पूजेला बसलेत, मागे झेंडूच्या माळा घातलेलं अवाढव्य लोखंडी दार आहे, आणि खाली ओळ आहे, 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न'. या फोटोत एक कागद कधीच दिसत नाही. तो हातात नसेल तर पूजा कितीही विधिवत झाली तरी त्या बॉयलरवर कारखाना चालवणं बेकायदेशीर ठरतं.

दुसरा फोटो काळ्या धुराचा. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. पहिले काही तास सगळीकडे एकच बातमी होती, 'बॉयलर फुटला'. पुढे कळलं की फुटला तो रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांवर प्रक्रिया करायचं भांडं. पण तोवर लोकांच्या मनात बॉयलरच बसला होता, आणि त्याच्यासोबत एक रास्त प्रश्नही. दरवर्षी सरकारी तपासणी होते म्हणतात, मग हे फुटतातच कसे?

मी काही वर्षं कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. बॉयलरच्या पोटात शिरून बाहेर आलेल्या माणसांपैकी मी एक आहे. त्यामुळे हा प्रश्न मला जरा जवळचा वाटतो.

आधी, बॉयलर म्हणायचं कशाला?

सरकारी मराठीत याला 'बाष्पक' म्हणतात आणि राज्यात त्यासाठी 'बाष्पके संचालनालय' नावाचं खातंही आहे. बॉयलर हाउसमध्ये मात्र हा शब्द बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. आपणही बॉयलरच म्हणू.

कायद्याच्या लेखी बॉयलर म्हणजे असं बंद भांडं, ज्यात उष्णता देऊन दाबाखाली वाफ तयार होते आणि ती वाफ भांड्याच्या बाहेर कुठेतरी वापरली जाते. यातला 'बाहेर' महत्त्वाचा आहे. घरच्या कुकरमध्ये वाफ होते, दाबही असतो, पण ती वाफ आतल्या आतच डाळ शिजवते. शिवाय कायद्यानं खालची हद्दही आखली आहे. २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारं, किंवा १ किलोपेक्षा कमी दाबाचं, किंवा पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारं भांडं बॉयलर धरलं जात नाही. (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरवर पडणारं किलोभर वजन. कारखान्यात 'दहा किलोवर चाललाय' म्हणतात ते हेच.) त्यामुळे तुमचा पाच लिटरचा कुकर सुटला. त्याला वेगळा नियम आहे, आयएसआय मार्कचा.

गुऱ्हाळाची काहील आठवा. शेकडो लिटर रस रटरट उकळत असतो, खाली चुलाण पेटलेलं असतं, आणि शेजारी पोरं काकवी चाटत उभी असतात. काहील फुटेल अशी भीती कुणाला वाटत नाही, कारण तिला झाकण नाही. वाफ होते आणि निघून जाते. आगीच्या जोडीला कोंडलेपण आलं की गोष्ट बदलते.

साधं पाणी, मग एवढी धास्ती कशाची?

उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. कोंडून दाब वाढवला की उकळायचा बिंदूही वर सरकतो. कुकरमध्ये तो साधारण १२० अंशांपर्यंत जातो, म्हणूनच राजमा लवकर शिजतो. १० किलोच्या बॉयलरमध्ये तो १८० अंशांच्या पुढे असतो. म्हणजे आत १८० अंशांचं पाणी असतं आणि ते पाणीच राहतं, कारण दाबानं त्याला दाबून धरलेलं असतं.

आता पत्रा फाटला असं समजा. दाब क्षणात उतरतो. १८० अंशांच्या पाण्याला उघड्या हवेत पाणी म्हणून राहता येत नाही, आणि त्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो. आत १,००० किलो पाणी असेल तर ढोबळमानानं दीडशे किलो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. हिशेब केला तर तीन मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशा नऊ-दहा खोल्या भरतील एवढी वाफ डोळ्यांची पापणी लवायच्या आत तयार होते. भिंत पाडते ती ही वाफ.

म्हणून बॉयलर किती धोकादायक हे नुसत्या दाबावर ठरत नाही, आत तापलेलं पाणी किती साठलंय त्यावरही ठरतं. कायद्यातली २५ लिटरची हद्द याच हिशेबाशी जुळते. तिच्याकडे शेवटी परत येऊ, कारण बाजारानं त्या हद्दीचा पुरेपूर फायदा घेतला आहे.

कायदा आला कलकत्त्यातून

१८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं मेली, आणि १८६४ मध्ये बंगाल प्रांतानं बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग एकेका प्रांतानं आपापला कायदा केला. एका प्रांतात चालणारा बॉयलर शेजारच्या प्रांतात नामंजूर, असा घोळ सुरू झाला. तो मिटवायला १९२० मध्ये समिती बसली आणि १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. पत्र्याची जाडी किती हवी, वेल्डिंग कुणी करायचं, व्हॉल्व्ह कसा असावा ही बारीक कलमं १९५० च्या 'इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स'मध्ये आहेत. हेच ते 'आयबीआर'. कारखान्यात 'आयबीआरवाला पाइप', 'आयबीआर वेल्डर', 'उद्या आयबीआर आहे' असं विशेषण, क्रियापद आणि सण अशा सगळ्या रूपांत ते वापरलं जातं.

शंभर वर्षांनी १९२३ चा कायदा बदलला. नवं विधेयक ४ डिसेंबर २०२४ ला राज्यसभेत आणि २५ मार्च २०२५ ला लोकसभेत संमत झालं. भाषा सोपी झाली, कालबाह्य कलमं गेली, शिक्षांची मांडणी बदलली. तपासणीचा गाभा मात्र तोच राहिला. नोंदणीशिवाय आणि चालू दाखल्याशिवाय बॉयलर वापरायचा नाही.

तपासणीच्या दिवशी काय होतं?

नवा बॉयलर बसवला की त्याची नोंदणी होते आणि त्याला नंबर मिळतो. महाराष्ट्रात तो 'एमआर' या अक्षरांनी सुरू होतो. हा नंबर बॉयलरच्या अंगावर कोरायचा असतो. गाडीच्या चासी नंबरासारखाच तो जन्मभर चिकटतो. चालवण्याचा दाखला मात्र तात्पुरता असतो, सर्वसाधारणपणे १२ महिन्यांचा.

वार्षिक तपासणी म्हणजे साहेब आले, चहा झाला, सही झाली, असं बाहेरून वाटतं. तसं कुठेच होत नाही अशी शपथ मी घेणार नाही. पण नियमाप्रमाणे जे व्हायला हवं ते बघण्यासारखं असतं.

चार-पाच दिवस आधी आग बंद होते. बॉयलर हळूहळू थंड करतात, कारण घाईनं थंड केला तर पत्रा आणि नळ्या वेगवेगळ्या वेगानं आकसतात आणि सांधे सुटतात. पाणी काढतात. मॅनहोल, हँडहोल, मडहोल सगळी झाकणं उघडतात. नळ्यांमधली काजळी ब्रशनं ओढून काढतात, आतला क्षार खरवडतात. शेजारी दुसरा बॉयलर चालू असेल तर मधल्या पाइपात आंधळी प्लेट टाकून तो मार्ग पक्का बंद करतात. ही पायरी विसरली तर आत शिरलेल्या माणसावर वाफ येते.

मॅनहोल अंडाकृती असतं, साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद. आधी हात, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून आत घुसायचं. त्याचं झाकण आतून बसतं, काही कुकरचं झाकण तिरकं करून आत घालतात तसं, आणि कारणही तेच. आतला दाब झाकण उडवायच्या ऐवजी त्याला बैठकीवर आणखी घट्ट दाबतो. १० किलोला एवढ्याशा झाकणावर नऊ टनांहून जास्त भार येतो. तो बाहेरच्या बोल्टांवर पेलण्यापेक्षा बॉयलरच्याच अंगावर टेकवलेला बरा.

आत अंधार असतो आणि ओल्या चुन्याचा वास असतो. कमी व्होल्टचा हातदिवा घेऊन साहेब पत्र्यावर हातोडी वाजवत फिरतात. धड पत्रा खणखणीत वाजतो. आत चीर असेल किंवा थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो, पिचलेल्या मडक्यासारखा. माठ घेताना बोटानं वाजवून बघतो, तेच. संशय आला की खडूनं गोल काढायचा. मग त्या जागी अल्ट्रासॉनिक यंत्रानं जाडी मोजतात. मूळची जाडी किती होती आणि आता किती उरली, या दोन आकड्यांवर सगळं ठरतं. पत्रा झिजला असेल तर साहेब दाब उतरवून देऊ शकतात. 'दहाचा होता, आता आठवर चालवा.' मालकांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो.

त्यानंतर पाण्याची चाचणी. बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरायचा, हवा पूर्ण काढायची, आणि पंपानं कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब चढवायचा. नव्या बॉयलरला तो दीडपट असतो. लोक विचारतात, हवेनं का नाही करत? सोपं असतं की! पण हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. चाचणीत पत्रा फाटला तर हवेचा स्फोट होईल. पाणी दाबलं जवळजवळ जातच नाही, त्यामुळे चीर पडली तर पिचकारी उडेल, दाबाचा काटा खाली येईल, आणि सगळे घरी जातील.

शेवटी वाफेवरची चाचणी. बॉयलर पेटवून सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडतो का ते बघायचं. नुसता उडून भागत नाही. पूर्ण आग चालू ठेवून आणि वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनही दाब ठरलेल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर जायला नको, एवढी वाफ त्यानं बाहेर टाकली पाहिजे. तो आवाज ज्यानं जवळून ऐकलाय तो कुकरच्या शिट्टीला पुन्हा कधी घाबरत नाही.

बारा महिन्यांचा दाखला एका रात्रीत संपतो

दाखल्यावर तारीख असते म्हणून लोक समजतात की तोवर निश्चिंत. कायदा तसा निश्चिंत नाही. बॉयलरला अपघात झाला, तो उचलून दुसऱ्या जागी नेला, किंवा त्याच्या रचनेत बदल किंवा मोठी दुरुस्ती केली, की तारीख काहीही असो, दाखला त्या क्षणी गळून पडतो. बदल करायचा तर आधी मुख्य निरीक्षकांची मंजुरी, आणि अपघात झाला तर २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक.

नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. दाखला त्या दिवशीच्या धातूबद्दल बोलतो. उद्या त्याच धातूला कुणी कापलं, जोडलं, ट्रकवर टाकून आपटत नेलं, तर कालची मोजमापं कशी चालतील? आजोबांच्या वेळच्या ईसीजीवर नातवाला धावायला पाठवण्यातला प्रकार.

म्हातारपणाचाही विचार आहे. २५ वर्षं झालेल्या बॉयलरचं, आणि ४०० अंश किंवा त्यावर काम करणाऱ्या बॉयलरचं १,००,००० तास भरले की, उरलेलं आयुष्य वेगळ्या चाचण्यांनी ठरवावं लागतं. धातूचा अगदी बारीक नमुना बघून तो आतून थकलाय का ते तपासतात. जास्त तापमानाखाली वर्षानुवर्षं राहिलेलं पोलाद जाडी न घटताही कमजोर होतं. हातोडी आणि जाडीमापक दोघांनाही ते कळत नाही.

आणि 'मालक' कोण? बॉयलर भाड्यानं घेतलेला, उसना आणलेला, दुसऱ्याच्या वतीनं चालवणारा, हे सगळे कायद्याच्या लेखी मालकच. 'माझा नाही हो, भाड्याचा आहे' ही सबब चालत नाही.

मग दाखला असलेले बॉयलर का फुटतात?

कारण बॉयलरला बहुतेक वेळा धातूपेक्षा त्याच्याशी रोज वागणारी माणसं मारतात.

सगळ्यात जुना शत्रू म्हणजे आतलं पाणी कमी होणं. आगीच्या बाजूचा पत्रा वितळत नाही याचं कारण दुसऱ्या बाजूला पाणी आहे. कागदाच्या द्रोणात पाणी घालून मेणबत्तीवर धरलं तर द्रोण जळत नाही, तसं. पाणी खाली गेलं की नळी उघडी पडते, लाल होते, मऊ पडते. अशा वेळी घाबरून थंड पाणी सोडणं म्हणजे तापल्या तव्यावर पेलाभर पाणी ओतणं, फक्त तवा बंद खोलीत आहे. पाणी दिसेनासं झालं तर पाणी सोडायचं नाही, आधी आग काढायची, हे बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेतलं पहिलं उत्तर. म्हणूनच पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा दोन असतात, एक बंद पडली तर दुसरी. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा प्लगही असतो. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी प्लग त्याचाच लहान भाऊ.

दुसरा शत्रू क्षार. बोअरचं जड पाणी तसंच घातलं की नळीवर पांढरा थर बसतो, घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. थर उष्णता अडवतो, धातू तापत राहतो. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनर प्लांटचं मीठ वेळेवर न भरणं ही पाचशे रुपयांची बचत कुठवर जाते याचा हिशेब कुणी करत नाही.

तिसरा शत्रू आहे सेफ्टी व्हॉल्व्हशी केलेली छेडछाड. आमच्याच ओळखीच्या एका ठिकाणी व्हॉल्व्ह वारंवार उडायचा, वाफ वाया जायची, कपड्याचा लॉट अडायचा. रात्रपाळीच्या कुणीतरी त्याच्या लिव्हरला बाइंडिंग वायरनं आवळून टाकलं. सकाळी अटेंडंटच्या लक्षात आलं म्हणून मी हे लिहितोय. ती वायर साधी होती, पसाऱ्यातली, दोन पीळ मारलेली. कायद्यात या कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि नव्या कायद्यातही ज्या चार गुन्ह्यांना तुरुंग शिल्लक ठेवलाय त्यात हा आहे. योग्यच आहे.

आणि कधी कधी गडबड पाण्याच्या बाजूला नसतेच. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या वीज केंद्रात ५०० मेगावॉटच्या युनिटमध्ये स्फोट झाला, ४० हून जास्त लोक गेले. तिथे भट्टीच्या तळाशी राख साचल्याची बाब पुढे आली. बॉयलरमध्ये आगीचं एक जग आहे आणि पाण्याचं दुसरं. पत्र्याची वार्षिक तपासणी चोख झाली तरी भट्टीत रोज साचणारी राख तिला कशी दिसणार?

म्हणून प्रशिक्षित अटेंडंट हा कायद्याचाच भाग आहे. परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र असलेला माणूस बॉयलरपाशी हवा, मोठ्या संचांना बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर हवा. कागदावर नाव त्याचं आणि फावडं दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबांना दिसत नाही.

डोंबिवलीत मग तपासायचं कुणी?

इथे खरी गुंतागुंत आहे. दाबाखालची सगळी भांडी एका कायद्यात नाहीत.

रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं मिसळून प्रक्रिया घडवायचं बंद भांडं. त्याला वाफेची ऊब देतात, पण वाफ त्याच्या आत तयार होत नाही. म्हणून तो बॉयलर नाही. गरम तेल फिरवणारा हीटर, ज्याला थर्मिक फ्लुइड हीटर म्हणतात, तोही नाही. बाहेरून वाफ घेणारा ऑटोक्लेव्ह नाही, हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी नाही. या सगळ्यांना 'प्रेशर व्हेसल' म्हणतात आणि कारखान्यात त्यांच्यावर नजर असायची ती फॅक्टरी कायद्याची, म्हणजे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाची. त्या नियमांत साधारण दर सहा महिन्यांनी बाहेरून आणि वर्षातून एकदा आतून तपासणी, तीही 'सक्षम व्यक्ती' म्हणून मान्यता मिळालेल्या तज्ज्ञाकडून, अशी व्यवस्था आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या फॅक्टरी कायद्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेनं घेतली.

तिसरं घर नागपूरला आहे. स्वयंपाकाचा गॅस, क्लोरीन, अमोनिया असे वायू दाबाखाली भरलेल्या १,००० लिटरवरच्या टाक्या आणि टँकर स्फोटक पदार्थ कायद्याच्या नियमांत येतात, आणि त्या बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. तिथे पाण्याच्या चाचणीची मुदत सर्वसाधारण वायूला पाच वर्षं, विषारी किंवा गंजवणाऱ्या वायूला दोन. तुमच्या घरातला सिलिंडरही त्यांच्याच नियमांतला. त्याच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूनं 'डी-२६' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेलेला सिलिंडर परत पाठवायचा हक्क तुम्हाला आहे.

तर एकाच आवारात वाफेचा बॉयलर एका खात्याचा, शेजारचा रिअ‍ॅक्टर दुसऱ्याचा, मागची गॅसची टाकी तिसऱ्याची. बॉयलर आणि रिअ‍ॅक्टर यांच्यामधला वाफेचा पाइपही साडेतीन किलोच्या वर असेल तर बॉयलर कायद्यात येतो. स्फोटानंतर 'आमच्याकडे नोंदच नाही' असं एखादं खातं म्हणतं तेव्हा आपल्याला ते हात झटकणं वाटतं. अनेकदा ते शब्दशः खरंही असतं.

रिअ‍ॅक्टरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याचा पत्रा उत्तम असेल, जाडी भरपूर असेल, तरी आतली रासायनिक प्रक्रिया हाताबाहेर गेली तर काही क्षणांत दाब कुठल्या कुठे जातो. दूध उतू जाताना गॅस बंद करूनही जे थोडं वर येतंच, त्याचं हजारपट उग्र रूप. इथे पत्रा तपासून भागत नाही, रेसिपी तपासावी लागते.

'पण हे सगळं इन्स्पेक्टर राजच ना?'

उद्योजकांची तक्रार खोटी नाही. तपासणीसाठी बॉयलर थांबवायचा, तारीख मिळेना, ऑर्डर अडलेली, आणि वर जे काय 'द्यावं' लागतं ते. या दबावातूनच २००७ च्या दुरुस्तीनं सरकारी निरीक्षकांच्या जोडीला मान्यताप्राप्त खासगी तज्ज्ञांना तपासणीचा मार्ग उघडला. नव्या कायद्यातही तो आहे. सात गुन्ह्यांपैकी जिवावर बेतणारे चार सोडून बाकीच्यांची शिक्षा कोर्टाबाहेरच्या आर्थिक दंडावर आणली आहे.

यावर उलट आक्षेपही तेवढाच खरा आहे. तपासणाऱ्याची फी मालक देणार, मग तो 'दाब उतरवा' म्हणेल का? पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतील की. माझं मत विचाराल तर सरकारी की खासगी हा वाद थोडा बाजूला ठेवावा. मालकाला दरवर्षी आपल्या सोयीचा तपासनीस निवडता येऊ नये आणि दिलेल्या अहवालांची सरकारनं मध्येच अचानक फेरतपासणी करावी, एवढं झालं तरी बराच फरक पडेल. मला जास्त खटकतं ते दुसरंच. वेगानं औद्योगिकीकरण व्हावं म्हणून राज्य सरकारला काही बॉयलरना कायद्यातून सूट देता येते. पोलादाला औद्योगिक धोरण कळत नाही.

२४ लिटरचे बॉयलर

आता ती हद्द. बाजारात 'नॉन-आयबीआर' नावानं विकले जाणारे छोटे बॉयलर असतात. इडली-डोशाची मोठी हॉटेलं, लाँड्री, पनीरचे लहान प्लांट अशांना ते सोयीचे. त्यांची क्षमता चोवीस लिटर आणि काही बिंदू अशी अचूक असते. कारण उघड आहे. पंचवीसला नोंदणी, दाखला, अटेंडंट, सगळं लागतं.

हे फसवणूक आहे का? तशी नाही. पातळ नळीच्या वेटोळ्यात थोडंसंच पाणी असतं, म्हणून फुटलं तरी इमारत पाडण्याइतकी ऊर्जा साठलेली नसते. वर केलेल्या हिशेबातल्या हजार किलोंच्या जागी चोवीस घालून बघा. पण शेजारी उभ्या असलेल्या आचाऱ्याला भाजून काढायला तेवढी वाफ पुष्कळ आहे. 'आयबीआर लागत नाही' याचा अर्थ विक्रेते 'तपासणी लागत नाही' असा करून देतात, आणि गिऱ्हाईक 'धोका नाही' असा करून घेतं. मधल्या मध्ये व्हॉल्व्ह चार वर्षं कुणी उघडून बघत नाही.

असाच सुटलेला एक प्रकार रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. कारखान्यांचा कायदा, जुना असो की नवी संहिता, कामगारांच्या संख्येवर लागू होतो. पंक्चरच्या दुकानात दोन माणसं असतात, म्हणून तिथल्या कॉम्प्रेसरच्या टाकीकडे दर सहा महिन्यांनी बघायला कुणी येत नाही. हवेतला ओलावा टाकीत थंड होऊन तळाशी पाणी साचतं आणि टाकी आतून, खालून गंजत जाते. वरचा रंग वर्षानुवर्षं छान लाल राहतो. पाणी सोडायला तळाशी एक छोटा कॉक असतो, तो रोज उघडायचा असतो.

मागच्या महिन्यात गाडीत हवा भरताना मी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला विचारलं, "चाचा, खालचा कॉक कधी उघडला होतात?" त्यांनी वाकून बघितलं. ग्रीस आणि मातीच्या थराखाली तो सापडायलाच दोन मिनिटं गेली. पान्यानं फिरवला तर आधी काहीच आलं नाही, मग फुस्सकन चहाच्या रंगाचं पाणी आलं, अर्धी बादली भरेल एवढं, आणि त्याच्यासोबत गंजाचे पापुद्रे. चाचांनी एक पापुद्रा उचलून बोटांत चुरडला आणि म्हणाले, "ही टाकी मी सेकंडहँड घेतली होती. पहिलं पोरगं झालं तेव्हा." पोरगं शेजारी उभं राहून ट्रकचा टायर खोलत होतं, मिशा फुटलेलं.